शेजारचं अर्धं घर पाडलं, मधली भिंत उघडी पडली: पावसाआधी काय करायचं?

वाचणाऱ्या इतरांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. रत्नागिरीलगत १९८८ साली दोन मित्रांनी मिळून बांधलेलं जोडघर. खालचा मजला चिऱ्याचा (म्हणजे कापलेल्या जांभ्या दगडाचा), वरचा विटांचा, दोन्हींवर स्लॅब. मधली नऊ इंची भिंत दोघांची. मार्चमध्ये शेजाऱ्यांनी आपला अर्धा भाग पाडला, नवीन बांधकाम दिवाळीनंतर सुरू करणार. आज १० मे. ३० फूट लांब, २० फूट उंच अशी ती भिंत नैऋत्येला तोंड करून उघडी उभी आहे. रंगवाल्याने एका महागड्या कोटिंगचं नाव सुचवलं, गवंडी म्हणाला डांबर मारा, आणि लंडनला असलेल्या भावाने सांगितलं की तिकडे असं झालं तर शेजाऱ्यालाच भिंत झाकून द्यावी लागते. तुमचा प्रश्न: यातलं कोणतं केमिकल मारू?

यंदा कुठलंच नको. भोकं बुजवा, माथा नीट करा, प्लास्टरचा एक हात मारून घ्या आणि त्यावर अंतर सोडून पत्रा चढवा. रंग आणि कोटिंग यांचा विचार पुढच्या हिवाळ्यात. असं का, ते सांगतो. उत्तर लांबेल, पण गेली २८ वर्षं कोकणात हीच कामं करतोय आणि यातल्या बऱ्याचशा चुका मी स्वतः करून बसलोय.

तुमची ही भिंत आजवर एकदाही भिजलेली नाही. ती आतली भिंत म्हणून बांधली गेली. गवंडी आतल्या भिंतीला कसा हात लावतो ते ठाऊक असेल: उरलेसुरले, कोपरे उडालेले चिरे तिथे जातात, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) वरवर भरतात, सांध्यात आरपार उजेड दिसला तरी 'प्लास्टरमध्ये जाईल' म्हणून पुढे सरकतात. शेजाऱ्यांच्या बाजूचं प्लास्टरही खोलीच्या आतलं: पातळ, वर नीरूचा (चुन्याच्या गुळगुळीत लेपाचा) हात आणि त्यावर डिस्टेंपरचे पाच-सात थर. असल्या भिंतीला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस, तोही वाऱ्याने आडवा मारलेला, सोसायचा आहे. कौलावर पडणारा पाऊस आणि भिंतीवर बसणारी झड यांत फरक आहे. झड पाण्याला सांध्यात रेटते, आणि एकदा आत शिरलेलं पाणी जांभा आपणहून पिऊन घेतो.

पण पाण्याच्याही आधी ती भिंत उभी कशी राहील ते बघा. तुमच्याकडे कॉलम नाहीत, चिऱ्याच्या भिंतींवर स्लॅब आहे, म्हणजे मधल्या भिंतीवर दोन्हीकडचे स्लॅब टेकलेले होते. त्या काळी दोन्ही घरांचा स्लॅब बहुतेक एकाच दिवशी, सलग ओतायचे आणि सळया भिंतीवरून आरपार जायच्या. आता शेजाऱ्यांनी त्यांचा स्लॅब ब्रेकरने तोडला. याचा अर्थ तुमच्या स्लॅबचं ते टोक अचानक शेवटचं टोक झालं. वरच्या सळयांना पलीकडून जी पकड होती ती गेली, आणि स्लॅबच्या मध्यावर आधीपेक्षा जास्त ताण आला. शिवाय भिंतीला पलीकडून असलेला आडवा आधारही गेला. बहुतेक घरं हे निभावून नेतात. तुमचंही निभेल, पण ते मी फोटो बघून सांगणार नाही. गावातल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एक फेरी मारायला लावा. तो येईपर्यंत एवढं करा: छताला मधोमध किंवा भिंतीलगत भेग दिसली तर तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. काच तडकली तर भेग जिवंत आहे, म्हणजे अजून वाढतेय, तेव्हा पाण्याचं काम बाजूला ठेवून आधी टेकू लावायचा.

आणखी एक. शेजाऱ्यांच्या नवीन पायाची खोदाई तुमच्या भिंतीच्या पायापेक्षा खोल जाणार असेल, तर सलग चर खणू देऊ नका. थोडं खणायचं, तेवढ्यात पाया भरून घ्यायचा, मग पुढचा तुकडा. ही गोष्ट आजच बोलून ठेवा, नोव्हेंबरमध्ये जेसीबी दारात उभा राहिल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.

आता भिंतीची पाहणी. संध्याकाळी पाच-साडेपाचला पलीकडे जाऊन उभे राहा. तिरकं ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा प्रत्येक खड्डा, प्रत्येक फुगवटा सावलीसकट दिसतो. हातोडीच्या दांड्याने ठोकत चला, डबडब वाजेल तिथे खडूने गोल करा. शेजाऱ्यांचे कोनाडे कुठे होते, भिंतीतलं कपाट कुठे होतं, न्हाणीघराच्या फरशा कुठे आहेत, विजेच्या नळ्या कुठून गेल्यात, ते सगळं खडूने आखा. नळीत तार दिसली तर आधी टेस्टर लावा. जोडघरात एकाची वायर दुसऱ्याच्या बाजूने फिरवलेली मी पाहिली आहे. मीटर त्यांचं काढलेलं असतं, करंट तुमचा चालू असतो.

कोनाड्यांचं मुद्दाम सांगतो. लांज्याकडे अशाच एका घराचं काम पावसात माझ्याकडे आलं. बाहेरून प्लास्टर नवं होतं, चांगलं होतं. आत दिवाणखान्यात जमिनीपासून चार फुटांवर ओला डाग, आणि त्याचा आकार चक्क कमानीचा! वर गोल, खाली सरळ, कडा आखल्यासारख्या. घरच्या आजी म्हणाल्या, "अहो, पलीकडे नेमका तिथेच त्यांचा देव्हारा होता." कंत्राटदाराने कोनाड्यात अर्धेमुर्धे तुकडे कोंबून वरून प्लास्टर ओढलं होतं. तिथे भिंत नऊ इंच नव्हतीच, जेमतेम चार होती, आणि मागे पोकळी. पाऊस त्या पोकळीत साचून कमानीच्या आकारात आत उतरत होता. म्हणून कोनाडा बुजवताना आतलं नीरूचं प्लास्टर पूर्ण खरवडायचं, जुन्या चिऱ्याला टाचे मारून तो खरबरीत करायचा, भिजवायचं, आणि विटा किंवा चिऱ्याचे नीट कापलेले तुकडे मालात बसवून मागच्या अंगालाही माल भरत यायचं. वरची शेवटची फट दुसऱ्या दिवशी, कोरडसर माल ठोकून भरायची. त्याच दिवशी भरली तर खालचा माल बसतो आणि वर केसाएवढी चीर राहतेच.

सगळं जुनं प्लास्टर काढावं लागेल का? नीरू आणि रंग असलेलं सगळं, हो. यात मला सूट देता येत नाही. धंद्यातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी ही सूट घेतली होती. घरमालक घाईत, मी त्यांच्याहून घाईत. जुन्या डिस्टेंपरवर ब्रश मारून, प्रायमर लावून, त्या काळात मिळणाऱ्या सगळ्यात महाग कोटिंगचे दोन हात दिले. जूनभर सगळे खूष. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीला पोट आलं. बोटाने दाबलं तर आत पाणी हलायचं. सुरीने खाली चीर दिली आणि बादलीभर मातकट पाणी पायावर आलं, मग सापाने कात टाकावी तसा अख्खा पापुद्रा हातात. कोटिंगचा त्यात काही दोष नव्हता, ते शेवटपर्यंत धड होतं. ते ज्याला चिकटलं होतं ते डिस्टेंपर भिंतीला चिकटलेलं नव्हतं. आणि वरून कुठून तरी शिरलेलं पाणी त्या रबरी पिशवीतून बाहेर पडू शकलं नाही.

डांबरालाही हाच नियम लागू. एक पावसाळा ते तग धरेल. पण नंतर त्यावर प्लास्टर बसत नाही, खरवडून काढायला चौपट मजुरी जाते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात काळी भिंत इतकी तापते की आतल्या खोलीत बसवत नाही.

पाणी शिरतं कुठून? लोक भिंतीच्या पसरलेल्या अंगाकडे बघतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी वरून, कडेने आणि भोकांतून येतात.

वरून म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून. तुमच्या गच्चीचा कठडा आधी दोन गच्च्यांमधला दुभाजक होता, त्याचा माथा सपाट असणार. जिथे शेजाऱ्यांचा कठडा येऊन मिळत होता तिथे तो तुटलेलाही असेल. या माथ्यावर दोन इंच जाडीची काँक्रीटची पट्टी ओता, उतार तुमच्या गच्चीकडे ठेवा, आणि दोन्ही बाजूंना ती दीड-दोन इंच बाहेर काढा. बाहेर काढलेल्या भागाच्या खालच्या अंगाला करंगळी मावेल एवढी खाच ठेवायला सांगा. पाणी त्या खाचेशी येऊन थेंबाथेंबाने खाली पडतं, नाहीतर पट्टीच्या पोटाने सरपटत भिंतीवर येतं. गवंडी म्हणेल, 'एवढ्याशा खाचेनं काय होतंय?' त्याच्यासमोर उभं राहून करून घ्या. गच्चीच्या आतल्या बाजूने कठडा आणि स्लॅब मिळतात तिथला वाटाही (कोपऱ्यात मालाने दिलेली गोलाई) तपासा. तोडफोडीच्या हादऱ्याने तिथे चीर हमखास पडते.

दुसरी जागा, स्लॅबचं तोडलेलं टोक. तिथे सळयांची तोंडं उघडी आहेत. मार्चपासून आतापर्यंत त्यांच्यावर तांबूस गंज चढलाच असेल, समुद्राच्या हवेत याला आठवडाही पुरतो. गंज फुगतो, फुगताना काँक्रीट फोडतो, आणि त्या चिरेतून पाणी स्लॅबच्या पोटात शिरून थेट तुमच्या छतावर ओल दिसते. सळई ग्राइंडरने कापायची, तीही तोंडाशी नाही, भोवतीचं काँक्रीट थोडं खोदून अंदाजे एक इंच आत. तारेच्या ब्रशने घासायची, गंजरोधक प्रायमर लावायचा आणि पॉलिमर मिसळलेल्या मालाने ती जागा भरायची. इंजिनिअरने सळया न कापता वाकवून आत घ्यायला सांगितलं तर त्याचं ऐका. म्हणून तो येऊन जाईपर्यंत ग्राइंडरवाल्याला बोलावू नका.

तिसरी जागा परांचीची, म्हणजे गवंड्याला उभं राहायच्या मचाणाची, भोकं. इकडे अजून बांबूची परांची भिंतीत भोकं पाडूनच बांधतात. काम संपलं की गवंडी खाली उतरता उतरता प्रत्येक भोकात मूठभर माल थापतो. आत सहा इंच पोकळी, तोंडाशी इंचभर बूच. पावसात घराच्या आतून बघाल तर चार-चार फुटांवर, एका रेषेत, बशीएवढे गोल डाग. असे डाग दिसले की मी भिंतीकडे बघतच नाही, परांची कोणी बांधली होती ते विचारतो. तुमच्याकडे जागा मोकळी आहे, तेव्हा जमिनीवर उभी राहणारी लोखंडी परांची भाड्याने आणा. भोक पाडावं लागलंच तर चिऱ्याचा तुकडा मालात बुडवून आतपर्यंत ठोकून बसवायचा आणि ते काम तुम्ही मोजून घ्यायचं. बारा भोकं पाडली तर बारा बुजवलेली दिसली पाहिजेत.

प्लास्टरचं गणित आता. भिंत ६०० चौरस फूट, म्हणजे ५५ चौरस मीटरच्या थोडी वर. दोन हात मिळून सरासरी २० मिलिमीटर धरले आणि चिऱ्याचे खाचखळगे भरायला पाचवा हिस्सा जास्त धरला, तर एकूण दहाएक पोती सिमेंट आणि अर्धा ब्रास (५० घनफूट) वाळू लागते. पातळ वॉटरप्रूफिंग कंपाउंड साधारणपणे पोत्याला २०० मिलिलिटर, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते प्रमाण. म्हणजे दोन लिटरचा डबा पुरतो. कोणी वीस पोती आणि दहा लिटरचा हिशोब देत असेल तर त्याला थोडं बसवून विचारा.

पहिला हात एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), १२ ते १५ मिलिमीटर, कंपाउंड घालून. त्याच्या अंगावर थापीने आडव्या नागमोडी रेघा ओढून ठेवायच्या. दुसरा हात एकास पाच, सहा ते आठ मिलिमीटर, सँडफेस (खरखरीत, वाळूसारखा दिसणारा). बाहेरचा हात आतल्यापेक्षा कधीही कडक नसावा. 'सिमेंट जरा जास्त टाक, पक्कं होईल' असं घरमालक सांगतात आणि गवंडी मान डोलावतो. जास्त सिमेंटचं प्लास्टर सुकताना जास्त आकसतं, भिंतभर केसासारख्या चिरा पडतात, आणि प्रत्येक चीर झडीचं पाणी ओढून घेते. खालचा चिरा आणि वरची वीट जिथे मिळतात, तसंच स्लॅबची पट्टी जिथे भिंतीला मिळते, तिथे चिकन मेशची फूटभर रुंद पट्टी खिळ्यांनी ताणून बसवायची आणि मगच प्लास्टर. तिन्ही गोष्टी उन्हात वेगवेगळ्या फुगतात, चीर तिथेच पडते.

वाळूबद्दल एकच, पण महत्त्वाचं. खाडीची रेती स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. तिच्यातलं मीठ धुतल्याशिवाय जात नाही आणि धुतली म्हणून सांगणारे सगळेच धूत नाहीत. मीठ राहिलं की पुढची दहा वर्षं भिंतीवर लोणा (मिठाचा पांढरा थर) फुटत राहील, रंग भुरभुर गळेल आणि तुम्ही पावसाला दोष देत बसाल. चिमूटभर रेती जिभेवर ठेवून बघायची आमच्या जुन्या मुकादमाची पद्धत होती. हसू नका, मी अजून तेच करतो.

दिवसांचा हिशोब मांडला की माझं पहिलं उत्तर पटेल. राडारोडा हलवायला दोन दिवस, प्लास्टर काढायला तीन, कोनाडे-भोकं-दर्जा भरायला तीन, माथा आणि सळयांची तोंडं दोन, पहिला हात दोन. मजूर रोज आले तर २२ मे. मग त्यावर निदान सात दिवस पाणी मारायचं. या उन्हात नैऋत्येची भिंत तासाभरात कोरडी पडते, म्हणून गोणपाट लटकवून दिवसातून चारदा. त्यानंतर दुसरा हात, पुन्हा सात दिवस पाणी. रंग लावायचा तर प्लास्टर सुकायला आणखी तीन-चार आठवडे. कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो असं आपण धरून चालतो, पण २०२५ साली तो मुंबईतच २६ मेला पोचला होता. ओल्या प्लास्टरवर पावसाच्या तोंडी रंग मारणं म्हणजे माझ्या त्या जुन्या गोष्टीची पुन्हा एकदा तयारी. म्हणून यंदा पहिल्या हातावर थांबायचं आणि पुढचं काम पत्र्यावर सोपवायचं.

यात नवीन काही नाही. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, महाबळेश्वरला बंगल्यांना कुलुम गवताचे आडोसे बांधतात, ते काय आहे? भिंतीला पाणी पिऊ न देण्यापेक्षा पाणी भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही. आडोशाच्या मागे हवा खेळते, म्हणून कुठून ओल आलीच तर सुकूनही जाते. रबरी कोटिंगला नेमकं हे जमत नाही.

पत्रा रंगीत, अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा. आच्छादन धरून पावणेसातशे चौरस फूट लागेल. पन्हळी उभ्या ठेवायच्या, भिंत आणि पत्रा यांत दीड-दोन इंच मोकळं, खाली जमिनीपासून सहा-आठ इंच उघडं, म्हणजे खालून हवा शिरते. पत्र्यांच्या उभ्या सांध्यांची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून, वरचा पत्रा खालच्यावर निदान सहा इंच चढलेला. स्क्रूला रबरी वायसर हवाच, आणि कडेच्या रांगेत प्रत्येक पन्हळीला स्क्रू. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते या दोन्ही वादळांनंतर मी जे उडालेले पत्रे गोळा केले त्यांतले बरेचसे कडेपासून सुटले होते, मधून नाही. माथ्यावर पत्र्याची पट्टी वाकवून ती काँक्रीटच्या पट्टीखाली घ्या, नाहीतर पाणी पत्र्याच्या मागून उतरेल आणि खर्च वाया जाईल.

सांगाडा चिऱ्यात बोल्ट ठोकून उभा करू नका. फुगणारा बोल्ट जांभ्यात धड पकड घेत नाही, चिरा फोडतो, आणि प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला नवी वाट. उभे पाइप जमिनीत काँक्रीटच्या गोळ्यात रोवा आणि वर स्लॅबच्या काँक्रीटला बांधा. तिथेही भोक आतून बाहेर उतरतं ठेवा. पण पाइप रोवायची ती जमीन तुमची नाही, शेजाऱ्यांची आहे.

इथे तुमच्या भावाचा मुद्दा येतो. तो सांगतो ते बरोबर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सामाईक भिंतींचा १९९६ चा वेगळा कायदा आहे. आजवर झाकलेली भिंत उघडी करणाऱ्याने तिचं हवापाण्यापासून पुरेसं रक्षण करून द्यायचं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. १८८२ चा इझमेंटचा (शेजारच्या मालमत्तेवरच्या वहिवाटीच्या हक्कांचा) कायदा आहे आणि २० वर्षं निर्वेध मिळालेल्या आधाराच्या हक्काची सोय त्यात आहे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढेपर्यंत चार पावसाळे जातील. तुमचे वडील आणि त्यांचे वडील मित्र होते ना? मग वकिलाच्या नोटिशीआधी चहाला बोलवा आणि बोलणं झालं की कागदावर घ्या. भिंतीची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, पाइप त्यांच्या जागेत कधीपर्यंत राहतील, त्यांची भिंत उभी राहण्याआधी तुम्हाला प्लास्टरला किती दिवस मिळतील, पाया कसा खणतील. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि भिंतीचे आजचे फोटो तारखेसह जोडलेले. माझ्या पाहण्यात निम्मे शेजारी अर्धा खर्च आपणहून देतात, मात्र बोलणं पावसाआधी झालं तर. ओल दिसल्यावर मागायला गेलात तर ते 'तुमचा स्लॅबच गळतोय' म्हणतात.

खालच्या बाजूचं थोडक्यात. शेजाऱ्यांचं जोतं फोडल्याने भिंतीच्या पायाशी खड्डा झाला असणार आणि त्यात राडारोडा. तो भिंतीला टेकलेला राहिला तर ओल्या स्पंजसारखा चार महिने पाणी देत राहील. तो काढा, मुरूम भरून ठोका, भिंतीपासून दूर उतार द्या आणि पाणी बाहेर जाईल असा चर काढा. तीन फूट रुंद पातळ काँक्रीट घातलं तर उत्तम, पण नवीन पायात ते तोडावं लागेल हे धरून चला. त्यांच्या न्हाणीघराची फुटलेली सांडपाण्याची नळी भिंतीलगत असेल तर तिचं तोंड बंद करा. उंदीर त्याच वाटेने येतात.

आतून यंदा काहीही लावू नका. पुट्टी नको, वॉलपेपर नको, त्या भिंतीला कपाट टेकवून ठेवू नका. जुलैत ओलसर वाटलं तर घाबरण्याआधी फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडे असतील तर ओल भिंतीतून येते. थेंब बाहेरून, खोलीच्या बाजूने असतील तर ती नुसती पावसाळी हवा, पंखा लावा.

आता ऑक्टोबर. पाऊस उघडला की पत्रे उतरवा (ते विकले जातात, किंवा गुरांच्या गोठ्यावर जातात) आणि दुसरा हात मारून घ्या, शेजाऱ्यांची नवी भिंत उभी राहण्याआधीच. ती तुमच्या भिंतीपासून चार-सहा इंचांवर आली की मधे गवंड्याचा हात शिरत नाही, आणि मग जे राहिलं ते कायमचं राहिलं. दुसऱ्या हाताला निदान सात दिवस पाणी मारून, सुकू देऊन, पाइपाने परीक्षा घ्या. खालून सुरुवात करा, एका पट्ट्यावर पंधरा-वीस मिनिटं, मग तीन फूट वर. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत सगळीकडे जातं आणि शिरलं कुठून ते कळत नाही.

कोटिंग मारायचंच असेल तर ते डिसेंबरात, आणि तेही नवी भिंत इतक्या जवळ येणार नसेल तरच. जवळ येणार असेल तर पैसे वाचवा, कारण उन्हापावसाचा थेट मारा राहणारच नाही. राहील ती दोन भिंतींमधली फट. ती वरून उघडी राहिली तर तीच पन्हळ होते, पहिल्या पावसाळ्यात पाणी आणि तिसऱ्यात पिंपळ. माल भरून ती बंद करू नका, दोन घरं वेगवेगळी हलतात आणि माल फुटतो. उंच घराच्या भिंतीत पत्र्याची पट्टी एका कडेने खाचेत बसवायची आणि दुसरी कड ठेंगण्या घराच्या माथ्यावर नुसती झुकती, मोकळी सोडायची. ही पट्टी बसेल तेव्हा उंच घर बहुतेक त्यांचं नवं असेल, म्हणजे खाच त्यांच्या भिंतीत पाडावी लागेल. तेही त्या कागदावर आत्ताच लिहून घ्या.